दोन मार्कांचं स्वतःचं मत

लातूरच्या त्या इमारतीत सगळे जिने सारखे, सगळी दारं सारखी आणि दारासमोरच्या चपलाही सारख्याच. त्यामुळं मी वरच्या मजल्याऐवजी खालच्याच मजल्यावरच्या खोलीत शिरलो यात माझी फार चूक नाही, असं मी अजूनही म्हणतो. चूक झाली ती पुढं. खोलीत एक मुलगी पाठमोरी बसून टेबलावर वाकली होती. भिंतीवर माणसाच्या हृदयाचं चित्र, कोपऱ्यात गॅस, गॅसवर कुकर. आमच्या खोलीत हेच सगळं याच जागी असतं. मी पिशवी ठेवली, जगमधलं पेलाभर पाणी प्यालो, पलंगावर टेकलो आणि माझं शनिवारचं नेहमीचं भाषण सुरू केलं. फिजिक्स-केमिस्ट्री ठीक आहे, पण इंग्रजीकडं बघायचं कुणी? बोर्डाचा पेपर आहे तो. मोडल्स तरी झाले का? मस्ट आणि शुडमधला फरक सांग बघू.

मुलगी वळेना. मला राग येत चालला. बापाकडं पाठ करून बसायची ही कुठली पद्धत, असं म्हणेपर्यंत बाल्कनीतून एक बाई खांद्यावर ओले कपडे घेऊन आत आल्या.

"कोण पायजे तुम्हाला?"

मी चष्म्यावरून त्यांच्याकडं बघितलं आणि उलट त्यांनाच विचारलं, "तुम्ही कोण?"

तेव्हा कुठं मुलीनं मान वळवली. कानातून इअरफोन काढले. ती ऑनलाइन तास ऐकत होती. माझं एक अक्षरही तिच्या कानात गेलं नव्हतं. मी उठलो, पिशवी उचलली, पेला होता तिथं ठेवला आणि माफी मागायला लागलो. बाई भल्या निघाल्या. हसू दाबत म्हणाल्या, "वरच्या ताईंचे सर व्हय तुम्ही? वर जा, पण खोलीला कुलूप हाय. पोरगी टेस्टला गेलीय आन् ताई गच्चीवर अभ्यासाला बसल्यात."

"कुणाच्या अभ्यासाला?"

"त्यांच्याच की." एवढं बोलून त्यांना काहीतरी आठवलं. कपडे दुसऱ्या खांद्यावर घेत म्हणाल्या, "आता तुमचं तुम्ही इचारा. मी काय बोलले न्हाई."

आमच्या भागात मूल दहावी पास झालं की घराचे दोन तुकडे होतात. मूल, आई आणि कुकर लातूरला जातात. बाप आणि टीव्ही जागेवर राहतात. क्लासेस नांदेडलाही आहेत, गल्लीगल्लीत आहेत, पण लातूरचं ते लातूरचं, असं सगळेच म्हणतात आणि मीही म्हणालो. मुलगी अकरावीला गेली तशी बायको तिच्याबरोबर इथं खोली करून राहिली. मी नांदेडला. शाळा भोकरकडं आहे, रोज जाऊन-येऊन करतो, आणि शनिवारची शाळा सुटली की लोहा, अहमदपूर करत लातूर गाठतो. दोन वर्षांचा प्रश्न आहे, हे वाक्य मी इतक्या लोकांना इतक्यांदा सांगितलं होतं की एसटीचे कंडक्टरही मला तेच ऐकवायला लागले होते.

मी इतिहासाचा मास्तर. पण आमच्या शाळेतले इंग्रजीचे सर बदलून गेले आणि त्यांची जागा भरलीच नाही, तेव्हा मुख्याध्यापकांनी इंग्रजीचे तास माझ्या गळ्यात घातले. का, तर माझं अक्षर चांगलं आहे. तेव्हापासून मी गाइड वाचून शिकवतो. शिवाजी महाराजांची आग्र्याहून सुटका सांगताना माझ्या अंगावर काटा येतो. कॅन आणि कुडमधला फरक सांगताना मुलांच्या अंगावर येतो. तरी घरात इंग्रजीचा माणूस मीच. त्यामुळं घरात कुणी अभ्यासाला बसावं आणि ते मला खालच्या मजल्यावरच्या बाईकडून कळावं, हे मला झोंबलं.

गच्चीवर गेलो. पाण्याच्या टाकीच्या सावलीत चार-पाच आया बसल्या होत्या. कुणी मेथी निवडत होती, कुणी शेंगा सोलत होती. मधोमध बायको, मांडीवर पुस्तक. एकजण गाइडमधून प्रश्न वाचून विचारत होती आणि बायको डोळे मिटून उत्तर देत होती. मला बघून प्रश्न विचारणारीनं गाइड मेथीखाली सारलं. एकेक करून सगळ्या उठल्या आणि मेथीसकट खाली गेल्या. जाताना एकीनं हळूच म्हटलं, "घ्या, इन्स्पेक्टर आले."

बायकोनं मात्र काही लपवलं नाही. तिनं सतरा नंबरचा फॉर्म भरला होता, म्हणजे बाहेरून बारावीला बसणार होती. अकरावीत असताना तिचं लग्न झालं, माझ्याशीच. तिथंच शिक्षण थांबलं. शाळेचा दाखला तिनं देगलूरहून, माहेरून, भावाकडून मागवून घेतला होता. बाकीचे विषय मराठीतून आहेत, ते निघतील, म्हणाली. अडतंय ते इंग्रजी.

"पण कशासाठी?" मी विचारलं.

पलीकडच्या रस्त्यावर मुलींचं एक हॉस्टेल आहे. तिथल्या बाई वय झाल्यामुळं सोडून चालल्या होत्या. संस्थेला नवीन अधीक्षिका हवी होती. संस्थेच्या मॅडमनी या इमारतीत चौकशी केली तर सगळ्यांनी हिचंच नाव सांगितलं. राहायला खोली, जेवण आणि पगार. अट एकच, बारावी पास. जूनपर्यंत जागा धरून ठेवते म्हणाल्या.

मी गच्चीच्या कठड्याला टेकलो. समोर सगळ्या गच्च्यांवर मुलींचे कपडे वाळत होते. मार्चमध्ये मुलीची बोर्डाची परीक्षा संपणार, मेमध्ये नीट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, होणार आणि मग हा सगळा संसार टेम्पोत भरून नांदेडला परत, असं माझं पक्कं ठरलेलं होतं. ते कुणाशी ठरलं होतं, हा प्रश्न तोवर मला पडला नव्हता. मी एवढंच म्हणालो, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही शिकवायला बसला असता," ती म्हणाली.

आणि मी बसलोच.

त्या शनिवारपासून दर आठवड्याला आमचा वर्ग भरायला लागला. मुलगी टेबलाशी आणि आम्ही दोघं जमिनीवर, तिला त्रास नको म्हणून दबक्या आवाजात. बोर्डाचा इंग्रजीचा पेपर सायन्सला आणि आर्ट्सला एकच असतो. म्हणजे आई आणि मुलगी एकाच सकाळी एकच पेपर देणार होत्या. मुलीला त्याचं काहीच वाटत नव्हतं. नीटला इंग्रजी नसतं, त्यामुळं तिच्या दृष्टीनं तो विषयच नव्हता. मी आवाज चढवला की ती फक्त म्हणायची, "पप्पा, हळू."

मी मोडल्सपासून सुरुवात केली, कारण तेच मला येतात. वर्गात शिकवतो तसं शिकवलं. रकाने पाडले. कॅन म्हणजे शकणे, मस्ट म्हणजे पाहिजेच, शुड म्हणजे पाहिजे, मे म्हणजे कदाचित. खाली माइट लिहिलं आणि पुढं पुन्हा कदाचित लिहिलं.

"दोन्ही कदाचितच?" तिनं विचारलं.

"माइटचं कदाचित जरा कमी."

"किती कमी?"

वर्गात हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. म्हणालो, पाठ कर, पेपरात येतं. तिनं दोन्ही कदाचितांभोवती गोल काढले. मग म्हणाली की देगलूरला शेजारी सगळे तेलुगू बोलणारे होते, ती लहानपणी त्यांच्या ओट्यावर बसून तेलुगू शिकली, आजही फोनवर बोलते. तिथं कुणी रकाने पाडले नव्हते. मी म्हणालो, तेलुगूचा बोर्डाचा पेपर दिलायस का कधी? हे बरोबर होतं, पण बोलल्यावर मला काही बरं वाटलं नाही.

शिकवताना मधेच दार वाजायचं. कुणाच्या मुलीला ताप आलाय, थर्मामीटर आहे का. कुणाची मुलगी जेवत नाही, जरा बघता का. एका रविवारी खालच्या मजल्यावरची तीच इअरफोनवाली मुलगी आली. टेस्टमध्ये तिची रँक घसरली होती. दारात उभं राहून रडतही नव्हती, नुसती ओढणीचं टोक पिळत होती. बायकोनं पुस्तक पालथं ठेवलं आणि तिला घेऊन बाल्कनीत गेली. मी शुडवर बोट ठेवून बसलो. बाल्कनीतून ऐकू येत होतं ते एवढंच, की बायको तिला अभ्यासाचं एक अक्षर बोलत नव्हती. गावाकडं शेतात काय पेरलंय विचारत होती, म्हैस व्याली का विचारत होती. हळूहळू पोरगी बोलायला लागली. मग हसली. मी घड्याळ बघितलं. माझी परतीची गाडी होती आणि अजून शुड संपलं नव्हतं.

बायको परत आली तेव्हा मी म्हणालो, "असं केलंस तर तू पास होत नाहीस."

"ही पोरगी आईशी बोलायली नव्हती चार दिवस," ती म्हणाली. "सांगा, कुठं होतो आपण?"

खरं सांगायचं तर त्या दिवशी माझ्या मनात दोन गोष्टी एकदम येत होत्या. ही त्या कामाला इतकी योग्य आहे की मॅडमनी बारावीची अट काढून टाकायला पाहिजे, ही एक. आणि ही नापास झाली तर मेमध्ये टेम्पो येईल, ही दुसरी. एसटीत बसल्यावर मला माझा इतका राग आला की अहमदपूरला चहाही प्यालो नाही. म्हटलं, आता हिला पास करूनच दाखवतो. त्यानंतर मी आणखी वाईट शिकवायला लागलो.

पुस्तकात एक छोटी गोष्ट होती. कुठल्याशा थंड देशात समुद्रकाठी एक कोळी राहतो. वादळात त्याची नाव वाहून जाते. लोक म्हणतात, गेली ती गेली. हा ऐकत नाही. रोज किनाऱ्यावर गुडघे टेकून देवाला सांगतो की माझी नाव परत आण. थंडी पडते, बर्फ पडतो, हा हलत नाही. शेवटी एका सकाळी भरतीबरोबर नाव परत येते आणि सगळं गाव म्हणतं, श्रद्धा असावी तर अशी. गोष्टीखाली स्वाध्याय होता. त्यात मोडल्स वापरून वाक्यं बदला हा एक प्रश्न, आणि दुसरा पर्सनल रिस्पॉन्सचा, म्हणजे या गोष्टीबद्दल तुम्हाला स्वतःला काय वाटतं ते लिहा. त्याला दोन मार्क.

या दोन मार्कांसाठी माझ्याकडं एक सोय आहे. मी मुलांना एकच उत्तर पाठ करून देतो. आय थिंक दॅट फेथ इज व्हेरी इम्पॉर्टंट इन अवर लाइफ. वुई शुड हॅव फेथ इन हार्डशिप. वुई मस्ट नॉट लूज होप. धडा झाडांवर आला तर फेथच्या जागी ट्रीज घालायचं. कष्टांवर आला तर हार्ड वर्क. पाण्यावर आला तर वॉटर. आमच्या शाळेतून बाहेर पडलेली मुलं आजही भेटली की मला हे उत्तर म्हणून दाखवतात. आणि त्यात दोन मोडल्स आपोआप येतात, ही माझी खास करामत.

मी ते तिला लिहून दिलं. तिनं दोनदा वाचलं.

"पर्सनल म्हणजे स्वतःचं ना?"

"हो."

"मग हे तर तुमचं हाय. मी कसं लिहू?"

"अगं, सगळा वर्ग हेच लिहितो."

"सगळ्या वर्गाचं स्वतःचं मत एकच?"

टेबलावरून आवाज आला, "पप्पा, हळू." मी तर अजून काही बोललोही नव्हतो.

मग तिनं पुस्तक माझ्यापुढं सरकवलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. गोष्टीच्या मध्यात एकच वाक्य होतं, की त्या दिवसांत त्याची बायको दुसऱ्यांची जाळी विणून द्यायची आणि त्यावर घरातली चूल पेटायची. पुढं त्या बाईचा उल्लेख नाही. मी इतकी वर्षं अशा गोष्टी वाचत आलोय, पण असल्या वाक्यापाशी कधी थांबलो नाही. गाइडमध्येही त्या वाक्याखाली रेघ नव्हती.

"ही कुठं गेली पुढं?" बायकोनं विचारलं.

"ती महत्त्वाची नाही. गोष्ट त्याच्या श्रद्धेची आहे."

"तो किनाऱ्यावर बसायचा तवा जेवायचा काय?"

"हे विचारणार नाहीत पेपरात."

"पेपराचं सोडा. तुम्ही सांगा. जेवायचा काय?"

मी चिडलो. म्हणालो, तुला पास व्हायचंय का भांडायचंय? ती म्हणाली, दोन्ही जमंल की. मी म्हणालो, ही गोष्ट गेल्या परीक्षेत येऊन गेलीय, यंदा येणार नाही, हिच्यावर वेळ घालवू नकोस. मी धड्यांपुढं पेन्सिलीनं फुल्या मारून ठेवल्या होत्या, कोणता येणार, कोणता नाही. या कामात मला मान आहे. शिक्षकांच्या खोलीत माझे अंदाज लोक उतरवून घेतात. या गोष्टीपुढं मी मोठी काट मारली.

तिनं ती काट बघितली. मग पुस्तक मिटलं आणि पहिल्यांदाच नीट माझ्याकडं बघून बोलली.

"मी दोन वर्षं इथं हाय. तुम्ही दर शनिवारी येऊन सांगायलाव, विश्वास ठेव, पोरीचं चांगलं होईल. ठेवला. खालच्या मजल्यावर, वरच्या मजल्यावर, सगळ्यांचे बाप हेच सांगून जातात आन् सोमवारी पोरी आमच्यापाशी असतात. त्यांचं काय करायचं ते मला कळायलंय. लई दिवसांनी काहीतरी माझं मला कळायलंय. नांदेडला येऊन मी काय करू, सांगा."

सांगण्यासारखं माझ्याकडं एकच होतं. मला तिकडं करमत नाही. पण ते एवढ्या मोठ्या झालेल्या मुलीसमोर, जमिनीवर मांडी घालून, हातात लाल पेन धरून म्हणता येईना. मी म्हणालो, "आधी पास तर हो." आणि मोडल्सचे रकाने पुन्हा काढायला घेतले. मुलगी या वेळी "पप्पा, हळू" म्हणाली नाही. तिनं वहीचं पान उलटलं, तेवढाच आवाज झाला.

पुढचे आठवडे मी शिकवलं, तिनं ऐकलं. मी नसताना गच्चीवर मेथीवाल्या बायका तिला त्या काट मारलेल्या गोष्टीबद्दल इंग्रजीत बोलायला लावत होत्या, हे मला नंतर कळलं. त्यांचं इंग्रजी माझ्याइतकंच. पण त्यांना ती जाळीवाली बाई फार आवडली होती. एकीनं म्हणे त्या बाईला तिच्या नवऱ्याला सुनवण्यासाठी चार वाक्यंही तयार करून दिली होती.

परीक्षेच्या दिवशी मी रजा टाकली. मुलीचं केंद्र एका बाजूला, बायकोचं दुसऱ्या. मुलगी म्हणाली, मला सोडायला कुणी नको, तुम्ही मम्मीबरोबर जा. केंद्राच्या फाटकाबाहेर बापांची गर्दी होती. शेजारी एक फेटेवाले गृहस्थ होते, उदगीरकडचे. त्यांनी तंबाखू मळत विचारलं, "पोरगं का पोरगी?"

"बायको," मी म्हणालो.

त्यांनी मळायचं थांबवलं, माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि तंबाखूचा हात पुढं केला. मी तंबाखू खात नाही. त्या दिवशी घेतली, आणि नंतर बराच वेळ भिंतीला धरून उभा होतो.

पेपर सुटला. सगळ्या पोरापोरींच्या मधून ती आली, हॉल तिकीट पदराच्या टोकात धरून. मी लगेच विचारलं, मोडल्स आले का? आले. मस्ट का शुड? दोन्ही. बरं वाटलं. मग ती म्हणाली, "ती गोष्ट पण आली."

"कुठली?"

"काट मारलेली."

शिक्षकांच्या खोलीतली माझी अब्रू त्या फाटकापाशीच गेली. मी घाईघाईनं विचारलं, पर्सनल रिस्पॉन्सला काय होतं? तिनं सांगितलं की गोष्टीत कुणाची श्रद्धा मोठी वाटते ते लिहा, असं होतं. मी म्हणालो, "मी दिलेलं लिहिलंस ना? सरळ बसतंय ते."

"न्हाई."

"मग?"

"मला वाटलं ते लिहिलं. इंग्रजी चुकलं असंल."

काय लिहिलं ते मी वाटेत विचारलं, खोलीवर विचारलं, जेवताना विचारलं. मुलगीही आली, तिचा पेपर सोपा गेला होता, तिनं त्याचा विषयही काढला नाही. बायकोनं सांगितलं नाही ते नाहीच. तिला वाटलं ते लिहिलं, एवढंच. दोन मार्कांसाठी मी आजवर शेकडो मुलांना तयार उत्तर दिलं आणि घरच्या माणसानं ते तसंच पडू दिलं. परतीच्या गाडीत मी मनातल्या मनात तिचा पेपर तपासत होतो. कधी पास करत होतो, कधी दोन मार्कांनी पाडत होतो. भोकरच्या शाळेत सोमवारी कुणीतरी विचारलं, सर, तुमचा अंदाज चुकला म्हणे यंदा. मी म्हणालो, बोर्डाचं काही खरं राहिलं नाही.

एप्रिल सगळा असाच गेला. मी फोनवर कधी तिच्या परीक्षेचा विषय काढायचो, कधी हॉस्टेलचा टाळायचो. ती जेवलात का विचारायची. खिचडी, मी म्हणायचो. काल पण खिचडीच होती ना? हो. मग ती फोन मुलीकडं द्यायची आणि मुलगी म्हणायची, पप्पा, टेस्ट आहे, ठेवते.

निकाल लागला तेव्हा मी शाळेत होतो. सुट्टी होती, पण पुस्तकांची मोजणी होती. आमच्या शाळेत फोनला रेंज फक्त हँडपंपापाशी येते. तिथं उन्हात उभा राहून मी आधी मुलीचा निकाल बघितला. तिला इंग्रजीत चांगले मार्क होते, न शिकता. मग बायकोचा नंबर टाकला. पान फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि उघडलं. पास. मराठीत, राज्यशास्त्रात भरपूर. इंग्रजीत काठावर. अगदी काठावर. मी पुन्हा पान उघडून बघितलं, कारण मला माझ्या रेंजवर विश्वास नाही. मुख्याध्यापक ओसरीतून ओरडले, काय झालं, पोरगी पास का? मी म्हणालो, दोघीही. मग मी हँडपंप हापसला आणि तोंड धुतलं. घाम होता असं म्हणू.

शनिवारपर्यंत थांबलो नाही. दुसऱ्या दिवशीच लातूर गाठलं. जाताना पेढे घेतले, नांदेडचे, आणि वाटेत उघडून दोन खाल्ले, कारण पोटात सकाळपासून काही नव्हतं. या वेळी जिना मोजून चढलो.

खोलीत सामान बांधणं चालू होतं. मुलगी नीट देऊन नुसती पलंगावर पडली होती, छताकडं बघत, दोन वर्षांनी पहिल्यांदाच हातात काही नसलेली. मेथीवाल्या बायका येऊन पेढे घेऊन जात होत्या. एकजण मला म्हणाली, "सर, तुमच्यामुळं झालं बघा." मी काही बोललो नाही. बायको पलीकडून बघत होती, म्हणून खरंच बोललो नाही.

त्या गेल्यावर मी बायकोला म्हणालो, अभिनंदन. आमच्यात असं कधी म्हणत नाहीत, त्यामुळं दोघांनाही अवघडल्यासारखं झालं. मग मी मूळ पदावर आलो. म्हणालो, इंग्रजीची उत्तरपत्रिका मागवू, झेरॉक्स मिळते बोर्डाकडून, अर्ज करायचा. त्या दोन मार्कांचं काय झालं ते कळेल. ते मिळाले म्हणून पास झालीस का ते न मिळताही पास झालीस.

तिनं कुकरचं झाकण कापडात गुंडाळलं. "कशाला? झाले ना पास."

"मला बघायचंय काय लिहिलंस ते."

"मला ठावं हाय ना काय लिहिलंय."

दोन पेट्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, एकीवर नांदेड, एकीवर हॉस्टेल. नांदेडच्या पेटीत मुलीची पुस्तकं होती. हॉस्टेलच्या पेटीत तिच्या साड्या, थर्मामीटर, कुकर. संस्थेच्या मॅडमचा फोन आदल्या दिवशीच येऊन गेला होता. टेम्पो ठरला होता, पण तो एकाच पेटीसाठी लागणार नव्हता, म्हणून मुलगी आणि मी बसनंच जायचं असं त्या दोघींनी आधीच ठरवून ठेवलं होतं. मी पलंगाच्या कडेला बसलो. छताकडं बघतच मुलीनं सरकून मला जागा दिली.

आता विचारायला पाहिजे होतं, आणि विचारायचं तर सरळ विचारायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "मग तू नांदेडला कधी येणार?"

ती पेटी बांधायची थांबली. थोडा विचार केला, खरोखरच, महिने डोळ्यांसमोर आणून केला. मग दोरीची गाठ आवळत म्हणाली, "दिवाळीला पोरी घरी जातात. तवा येते. मधी तुम्ही आलात तर आधी फोन करून या, संध्याकाळी मला राउंड असतो."